चारशे तेवीसची सहा काडतुसं

चिंतामण मिस्त्री बंदुकांच्या धंद्यात शिरले ते बहात्तर साली, म्हणजे ज्या वर्षी देशात शिकारीवर बंदी आली नेमक्या त्याच वर्षी. पंक्ती उठल्यावर पाट शोधत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी ही गत, पण मिस्त्रींना त्याचं कधी काही वाटलं नाही. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या बोळात परवान्याचं एक बंदुकांचं दुकान आहे. तिथं सतराव्या वर्षी ते कानस हातात घेऊन बसले, आणि आज सत्तरी गाठली तरी उठायचं नाव नाही. बसले म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. एका जागी बसणं या माणसाच्या प्रकृतीला मानवतच नाही. बंदुकीचा लाकडी दस्ता घासता घासता ते दाराशी जाऊन रस्ता बघून येतात, चहा उभ्यानं पितात, आणि गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की त्याच्याभोवती फेऱ्या मारत बोलतात. त्यांची बायको सुधाताई नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीला होत्या, आता निवृत्त आहेत. "यांच्या पायाला भिंगरी आहे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. या सगळ्या तगमगीचं मूळ काडतुसांत आहे, हे मात्र त्यांना लग्नानंतर सहा महिन्यांतच कळलं होतं.

झालं होतं असं. शिकार गेली, शिकारी म्हातारे होऊन गेले, पण रायफली घराघरांत परवान्यावर राहिल्या. कुणाच्या आजोबांनी गोऱ्या साहेबाकडून घेतलेली, कुणाच्या वडिलांनी मुंबईहून मागवलेली. त्यांची काडतुसं परदेशातून यायची ती थांबली, आणि पुढं तिकडच्या कारखान्यांनीही ती मापं बंद केली. आपल्याकडे दोनचार मापांची काडतुसं होतात, बाकीच्या रायफली उपाशी. उपाशी रायफल माणूस किती वर्षं सांभाळणार? मालक नूतनीकरणाच्या खेपांना कंटाळतो, एक दिवस पोलीस ठाण्यात जमा करून मोकळा होतो, आणि कधीतरी ती इतर लोखंडाबरोबर भट्टीत जाते. मिस्त्रींच्या हातून साफ झालेल्या एकोणीस रायफली अशा गेल्या. प्रत्येकीच्या मालकाला त्यांनी तोंडावर चार शब्द सुनावले. त्यांत एक निवृत्त न्यायाधीशही होते.

मग मिस्त्रींनी एक वही केली आणि वर लिहिलं, 'परत आली पाहिजेत'. आत बंद पडलेल्या काडतुसांची नावं, म्हणजे त्यांच्या मापांचे आकडे, आणि प्रत्येकापुढं त्यांचा शेरा. दोनशे पंच्याहत्तर: खांद्याला लागत नाही, स्वभावानं गरीब. तीनशे अठरा: लांबचं बघतं, पण आवाजाचा फार डौल. चारशे पाच: अमेरिकन, खादाड, मनानं मोठं. आणि पहिल्या पानावर एकटं चारशे तेवीस. जर्मन रायफलीचं काडतूस, अंगठ्याएवढी गोळी. मोठ्या इंग्रजी दुनळी रायफली संस्थानिकांच्या होत्या. चारशे तेवीस होती ती मामलेदार, जंगलखात्याचा अधिकारी, बऱ्यापैकी बागायतदार अशांची. त्यापुढं मिस्त्रींचा शेरा, 'याला तोड नाही, आणि हेच आधी मेलं.'

"मेलं तर मेलं," सुधाताई एकदा म्हणाल्या. "आता काय वाघ मारायचेत?"

"मारायचं कुणालाच नाही. पुठ्ठ्यावर मारायची गोळी. पण घड्याळ घरात ठेवायचं तर ते चालू नको? वेळ बघा नाहीतर नका बघू."

"तुम्ही कधी वेळ बघितलीत?"

यावर मिस्त्री दाराशी जाऊन रस्ता बघून आले.

वीस वर्षं त्यांनी पत्रं लिहिली. कारखान्यांना, मंत्रालयाला, दिल्लीला. उत्तरं आली त्यांत त्यांचा अर्ज सदैव कुठं ना कुठं पुढील कार्यवाहीसाठी पाठवलेला असे. दरम्यान दुकानात त्यांचा दरारा वाढत गेला. काडतुसांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. परवाच देवळालीचा किशोर नावाचा एक पेन्शनर आपली बाराबोरची काडतुसं घेऊन आला. गंजू नयेत म्हणून त्यानं ती तेलाच्या फडक्यानं पुसून चकचकीत केली होती. मिस्त्रींनी ती हातात घेतली आणि आवाज कारंज्यापर्यंत गेला.

"तेल? काडतुसाला? अहो, ही बुडाला गोल टोपी दिसते ना, हिच्यावर पिन आपटते आणि हिच्यातला मसाला पेटतो म्हणून पुढची दारू पेटते. तेल या टोपीच्या कडेनं आत झिरपतं. मसाला मरतो. वरून काडतूस नवरदेवासारखं, आतून मढं! न्या हे, आणि विहिरीत टाकू नका, आमच्याकडे रीतसर जमा करा."

किशोररावांनी मान खाली घालून ती परत पिशवीत भरली. मिस्त्रींचा पुढचा अर्धा दिवस मोठ्या समाधानात गेला.

आता चांदवडकडच्या रंगनाथ आबांविषयी. आबा त्र्याऐंशीचे, कांद्याची शेती, अंगानं वाळलेले पण ताठ. त्यांच्या वडिलांची चारशे तेवीसची रायफल त्यांच्याकडे आणि तिची सहा काडतुसं. दर नूतनीकरणाला आबा दुकानात येऊन विचारत, "मिस्त्री, ठिवू का देऊन टाकू?" आणि मिस्त्री म्हणत, "थांबा आबा. हे काडतूस परत येणार आहे, माझा शब्द." आबांनी तो शब्द मानला. सून कुरकुरली, मुलानं घरातली बला म्हणून हात झटकले, तरी मानला. यंदा मात्र परवाना महिनाअखेर संपत होता आणि आबांनी स्वतःच्या नावावर पुन्हा न करायचं ठरवलं होतं. नातू रोहित लासलगावला कांद्याच्या व्यापारात आहे. तो सरळ बोलला.

"आबा, काडतुसं मिळणार आसतील तर मी माझ्या नावावर करून घेतो. नायतर नुसतं लोखंड कशाला सांभाळायचं? जमा करू."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. तेव्हापासून मिस्त्रींची जेवणं उभ्यानं व्हायला लागली.

आणि अशात फोन आला. प्रफुल्ल नावाचा इंजिनियर, सिन्नरच्या बाजूला काडतुसांचा नवा कारखाना निघाला आहे तिथला. मिस्त्रींचं कुठलंसं पत्र फिरत फिरत त्याच्या टेबलावर पडलं होतं.

"काका, परदेशात जुन्या जर्मन रायफली बाळगणारे हौशी लोक आहेत, त्यांच्यासाठी एक जुनं काडतूस आम्ही करणार आहोत. एकच. तुमचं चारशे तेवीस किंवा तीनशे अठरा. तीनशे अठराची जुनी काडतुसं मला मिळालीत, मोजून झाली. तुमची असतील तर आणा. मूळची हवीत, निदान चार वाजली पाहिजेत. वेग मोजतो, रिकाम्या पुंगळ्यांची मापं घेतो. शुक्रवारपर्यंत झालं तर अहवालात घालीन. एकदा यंत्रं लागली की इथल्या परवानाधारकांनाही मिळतील."

शुक्रवारला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मिस्त्रींनी सुधाताईंना जीव नकोसा केला. रात्रीचं जेवण झालं की गच्चीवर फेऱ्या, सकाळी दूध आणायला जाऊन दुधाशिवाय परत. तिसऱ्या दिवशी राहवेना तेव्हा एसटी पकडून ते चांदवडला गेले, नुसती काडतुसं बघायला.

आबांनी पत्र्याचा डबा आणला, आतलं मलमलीचं फडकं उलगडलं. सहा काडतुसं, पिवळीजर्द, कुठं डाग नाही, हिरवट कळा नाही. प्रत्येकाच्या टोपीवर लाल ठसठशीत टिळा. मिस्त्रींना भरून आलं. त्या टिळ्यांची रीत त्यांचीच होती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी पाहिलं की खंडेनवमीला लोक शस्त्रांच्या पूजेत रायफल मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि काडतुसं कपाटात कोंडून ठेवतात. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. रायफल देह असली तर काडतूस प्राण, त्याची पूजा नको? तेव्हापासून नवमीला ते भल्या पहाटे निघत. जिल्ह्यातली अकरा घरं ठरलेली. रायफल खोलायची, साफ करायची, काडतुसं कोरड्या फडक्यानं पुसायची आणि टोपीवर अनामिकेनं एकेक टिळा. टोपीवर, कारण ते काडतुसाचं कपाळ. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

"एक साल चुकवलं नाय," आबा म्हणाले. "तुम्ही आजारी व्हता त्या साली माणूस पाठवून तुमच्याकडनं कुंकवाची वाटी आनली व्हती."

"म्हणून तर अशी राहिलीत आबा. दुसऱ्यांची बघा, काळी पडलीत."

त्या दिवशी परतीच्या एसटीत त्यांना जागा मिळाली होती, तरी ते पिंपळगावपर्यंत उभे होते.

शुक्रवारी रोहितनं गाडी काढली. आबा धुतलेलं धोतर नेसून पुढं, मागं मिस्त्री आणि खोक्यात रायफल. कारखान्याच्या मागं चाचणीसाठी लांबलचक भिंतींची गल्ली होती, शेवटाला मातीचा ढीग. प्रफुल्ल पस्तिशीचा, चष्मा, बोलणं मऊ. त्यानं रायफल लोखंडी घोडीत पक्की आवळली, चापाला दोरी बांधली, वेग मोजायचं यंत्र समोर लावलं. सगळ्यांना जाड काचेमागं घेतलं आणि दोरी आबांच्या हातात दिली.

"मान तुमचा, आबा."

आबांनी दोरी ओढली. टक्क असा आवाज झाला आणि पुढं काहीच नाही.

"हलू नका," प्रफुल्ल म्हणाला. "उशिरा वाजू शकतं." एक मिनिट सगळे थांबले. मिस्त्रींना ते मिनिट सोसवेना. ते काचेमागं तीन पावलं इकडं, तीन पावलं तिकडं करत राहिले. काडतूस काढलं, दुसरं घातलं. टक्क. पुन्हा मिनिट. तिसरं. टक्क.

"पिनचं स्प्रिंग!" मिस्त्री ओरडले. "स्प्रिंग बसलंय, द्या इकडं." त्यांनी रायफलीचा बोल्ट, म्हणजे पिन असते तो मागचा दांडा, काढला, खोलला, पिन अंगठ्यानं दाबून बघितली. स्प्रिंग कडक होतं. आणि तिन्ही टोप्यांवर पिनेचा खड्डा खोल, मध्यभागी, अगदी पाहिजे तसा पडला होता. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि बोल्ट गुपचूप परत जोडला.

चौथंही मुकं गेलं. पाचव्याला आबांनी दोरी ओढली आणि भिंती हादरल्या. मातीचा ढीग उडाला, काच थरथरली, रोहितच्या तोंडून शिवी निघून गेली. आबा हसायला लागले ते थांबेचनात. यंत्रावर आकडा आला तो मिस्त्रींच्या वहीत वीस वर्षं लिहिलेला होता, जवळपास तोच. त्यांनी प्रफुल्लचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं.

सहावं पुन्हा मुकं.

प्रफुल्ल मुकी काडतुसं एका ओळीत ठेवून बघत होता. एक उचललं, नाकाशी नेलं, बोट टोपीवर फिरवून दोन बोटांत चोळलं.

"काका, यांना तेल लागलंय का?"

मिस्त्री उसळले. "तेल? माझ्या हाताखालच्या काडतुसांना? अरे, जिल्ह्यात जाऊन विचार. तेलाचा थेंब दाखव, बंदुकीला हात लावायचा सोडीन."

"रागावू नका. हे कुंकू बघा, बोटाला तुपकट लागतंय. कशात कालवता?"

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं कुंकवाची वाटी आली. कोरडं कुंकू पितळेवर ठरत नाही. पाण्यातलं वाळलं की झडतं. म्हणून नवमीच्या आदल्या दिवशी ते वाटीत कुंकू घेऊन त्यात चार थेंब टाकत. खोबरेलाचे. चांगला घट्ट, वर्षभर टिकेल असा टिळा व्हायचा. खोबरेल त्यांच्या लेखी डोक्याला लावायचं, देवापुढच्या निरांजनात घालायचं. तेल म्हणजे बंदुकीचं तेल. आजवर ही दोन्ही एकच आहेत असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"खोबरेलात," ते म्हणाले.

प्रफुल्लनं मान हलवली आणि टोपीच्या कडेची बारीक तांबडी रेघ त्यांना दाखवली. दरवर्षी एक थेंब, चाळीस वर्षं, नेमका जिथं झिरपायचा तिथं.

"पण एक वाजलं ना!" रोहित म्हणाला. "त्याचा आकडा आला की."

"तेल लागलेल्या काडतुसांचा आकडा मला अहवालात घेता येत नाही. खरा आहे का खोटा, कसं ठरवू? न लागलेली चार आणा. संध्याकाळपर्यंत थांबतो मी."

"मग आणू की! मिस्त्रीकाका, तुमच्या वहीत अकरा घरं हायेत. चारशे तेवीस अजून कुणाकडं? बसा गाडीत."

चारशे तेवीस आणखी दोघांकडे होती, एक पंचवटीत, एक ओझरला. दोन्ही घरं मिस्त्रींना तोंडपाठ होती. आणि खोटं कशाला सांगा, एक विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला: टिळे स्पिरिटनं पुसून आणली तर याला काय कळणार? दोन वाजली, तीन वाजली तर? पण उशिरा पेटणारं एखादं या पोराच्या हातात फुटलं तर, हाही विचार मागोमाग आला, आणि मिस्त्रींना स्वतःचीच किळस वाटली.

"जाऊन उपयोग नाही," ते म्हणाले. "त्या घरांत पण नवमीला मीच जातो."

रोहितला कळायला क्षणभर लागला. आबांना लगेच कळलं. ते पायरीवर बसले, उपरण्यानं तोंड पुसलं.

"म्हंजी इतकी वर्सं आपुन मेलेल्यालाच टिळा लावत व्हतो म्हनायचं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते मिस्त्रींना जास्त लागलं.

नाशिकला द्वारका चौकात उतरताना मिस्त्रींनी दार धरून ठेवलं. वीस वर्षं ज्या माणसाला त्यांनी अडवून धरलं होतं, त्याला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगायला हवं होतं.

"आबा, सोमवारी जमा करा. मी येतो बरोबर."

घरी सुधाताईंनी त्यांचं तोंड बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मिस्त्रींनी स्वतःहूनच सांगितलं, सगळं, वाटीसकट. सुधाताईंनी आयुष्यभर नोटांतल्या चुका शोधल्या होत्या आणि ती वाटी चाळीस वर्षं त्यांच्याच ओट्यावर भरली जात होती. "माझ्या पण नाही आलं हो लक्षात," एवढंच त्या म्हणाल्या. शनिवारी आणि रविवारी मिस्त्रींनी उरलेल्या दहाही घरी जाऊन ते सांगितलं. कुणी हसलं, कुणी चहा दिला, एकानं दारातूनच बोळवलं. प्रत्येक घरात शब्द जास्त जड होत गेले. पंचवटीत दार उघडलेल्या उज्वलाबाई आनंदानं म्हणाल्या, "अगोबाई, मिस्त्री! नवमीला अजून अवकाश आहे की!"

सोमवारी पोलीस ठाण्यात हवालदारांनी रायफलीचा नंबर परवान्याशी ताडून बघितला, नळीत डोकावले, अर्ज लिहायला घेतला. नाव, गाव, वय. मग म्हणाले, "जमा करण्याचं कारण?"

आबांनी रायफलीच्या दस्त्यावरून हात फिरवला.

"काडतुसं मिळत नाहीत, असं टाकतो. सगळे तेच लिहितात."

"तसं नका लिहू," मिस्त्री म्हणाले. ते टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते. "काडतुसं होती. सहा होती. माझ्या हातानं गेली. मिस्त्रीची चूक, असं लिहा."

हवालदारांनी पेन उचलून आबांकडे बघितलं. अर्ज त्यांचा होता.

आबांना खोटं बोललेलं चालत नाही, हे चांदवडच्या बाजारात कुणीही सांगेल. कांद्याच्या गोणीत तळाला लहान कांदा भरला म्हणून त्यांनी पोटच्या मुलाशी महिनाभर अबोला धरला होता. त्यांनी मिस्त्रींकडे वळूनही बघितलं नाही.

"मिळत नाय म्हनूनच लिव्हा सायेब," ते म्हणाले. "ह्यांचं ऐकू नका. लय हळवा मानूस हाय."

हवालदारांनी तसं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. आबांनी चष्मा लावला, ती ओळ बोटानं शब्द लावत वाचली, आणि तिच्याखाली सावकाश सही केली.